जहाजाचा माग दाखवणारं ॲप: कालव्यात आणि गर्दीच्या पाण्यात ते किती कामाचं?

घरातलं कुणी मालवाहू जहाजावर नोकरीला असेल तर जहाजाचा माग दाखवणारं ॲप फोनमध्ये असायलाच हवं, आणि फुकटचं पुरतं. ज्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं त्यांचं काम इथेच झालं. पुढचं लिहिते आहे ते त्या घरांसाठी, जिथे हे ॲप उघडलं की जीव भांड्यात पडायच्या ऐवजी टांगणीला लागतो. भर समुद्रात हे ॲप फारसं बोलतच नाही. ते खरं बोलकं होतं कालव्यात आणि अरुंद सामुद्रधुनीत. आणि नेमकं तिथलंच चित्र वाचता आलं नाही तर घरची माणसं रात्र रात्र जागतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन कामांचं केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, दाखले, लाइट बिल, दिवसभर हेच. धाकटा भाऊ बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, थर्ड ऑफिसर आहे. 229 मीटर लांब आणि सव्वाबत्तीस मीटर रुंद जहाज. कधी कोळसा, कधी मका, कधी सोयाबीन. आमच्या गावातून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र पाचशे किलोमीटरच्या आत नाही. आईने तर समुद्र अजून पाहिलेलाच नाही. त्यामुळे पोरगा पाण्यावर काय करतो हे घरात कुणालाच कळत नव्हतं. आता कळतं, आणि त्याचं बरंचसं श्रेय या ॲपला आहे.

अशी चार-पाच ॲप आहेत. मी वापरते त्याचं नाव देत नाही, कारण मुळातली यंत्रणा सगळ्यांची एकच आहे आणि मला बोलायचं आहे ते तिच्याबद्दल. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजावर एआयएस नावाचं यंत्र असतं. ते जहाजाचं नाव, क्रमांक, जागा, वेग, दिशा रेडिओवरून सतत सांगत राहतं. जहाज चालू असताना दर 2 ते 10 सेकंदांनी, आणि नांगर टाकून उभं असताना दर 3 मिनिटांनी. हे यंत्र आपल्यासाठी बसवलेलं नाही. जहाजांनी एकमेकांना ओळखावं, टक्कर टळावी, बंदरवाल्यांना कोण येतं आहे ते दिसावं, यासाठी ते आहे. किनाऱ्यावरचे अँटेना तोच संदेश पकडतात आणि ॲपवाले तो नकाशावर मांडतात. किनाऱ्यापासून साधारण 40 सागरी मैल, म्हणजे 75 किलोमीटरच्या आसपास गेलं की अँटेनाला ऐकू येईनासं होतं. त्यापुढे फक्त उपग्रह, आणि उपग्रहाची माहिती पैसे भरणाऱ्यांना.

म्हणून पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. नकाशावरून जहाज गायब झालं म्हणजे ते किनाऱ्यापासून लांब गेलं. बहुतेक वेळा दुसरं काही नसतं. आमच्या आईला हे पटायला वेळ लागला. ती रोज सकाळी केंद्रात येऊन उभी राहायची, "पाह्य बरं, दिसून राह्यलं का?" म्हणायची, आणि नाही दिसलं की तशीच वावरात निघून जायची.

आता कालव्याकडे येते, कारण ॲपची खरी परीक्षा तिथेच होते.

भावाचं जहाज रोमानियातल्या कॉन्स्टान्त्सा बंदरात मका भरून निघालं होतं. काळ्या समुद्रातून बाहेर पडायचं तर इस्तंबूल शहराच्या मधोमध असलेल्या बॉस्फरसमधूनच जावं लागतं. सुमारे 31 किलोमीटरची ती चिंचोळी पट्टी एका जागी जेमतेम 700 मीटर रुंद आहे, वळणं काटकोनाच्या जवळ जाणारी, वरून पाण्याला ओढ. ॲपवर तिथे बाण इतका जोरात वळतो की पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. पण इस्तंबूलच्या दोन्ही काठांवर अँटेना भरपूर, त्यामुळे एकही वळण सुटत नाही. हा भाग ॲपने फार छान दाखवला.

मग इजिप्तमधला सुएझ कालवा. त्याच्या उत्तरेच्या तोंडाशी पोर्ट सईद बंदर आहे, त्याच्या बाहेर आल्यावर जहाजाचा टोकदार बाण गेला आणि नुसता ठिपका उरला. वेग शून्य. संध्याकाळी आई, बाबा, शेजारच्या काकू, सगळे माझ्या काउंटरपाशी. "काऊन थांबलं वो? बिघडलं काय?" काकूंनी विचारलं. त्या ठिपक्याच्या आजूबाजूला आणखी कितीतरी ठिपके होते, हिरवे मालवाहू, लाल तेलवाहू. हेच पाहायचं असतं. एकटाच ठिपका उभा असेल तर गोष्ट वेगळी. सगळाच घोळका उभा असेल तर ती रांग आहे. सुएझमध्ये जहाजं मनात आलं की शिरत नाहीत. ताफा लागतो. उत्तरेकडून एक, दक्षिणेकडून एक. कागदपत्रं तपासली जातात, ताफ्यातला नंबर मिळतो, कालव्याचा पायलट, म्हणजे तिथली वाट जाणणारा वाटाड्या, चढतो, रात्री समोरचा मार्ग उजळणारा मोठा झोतदिवा तयार ठेवतात, नांगर कधीही सोडता येईल असा मोकळा ठेवतात. मग पहाटे ते सगळे ठिपके एकामागोमाग एक बाण होत जातात आणि वाळवंटातल्या निळ्या रेघेत शिरतात. हे पाहण्यासारखं आहे. ज्यांचं कुणी जहाजावर नाही त्यांनीही एकदा पाहावं.

कालवा 193 किलोमीटर लांब. 1869 सालापासून चालू आहे. त्यात दरवाजे नाहीत, पायऱ्या नाहीत. भूमध्य समुद्र आणि लाल समुद्र सरळ जोडलेले आहेत. पार व्हायला साधारण 12 ते 16 तास लागतात. एवढा वेळ ॲपवर वेगाचा आकडा 8-9 नॉटच्या आसपास हलत राहतो. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर, म्हणजे जहाज ताशी पंधरा-सोळा किलोमीटरने चाललेलं असतं. बाबा म्हणाले, "एवढं मोठं इंजिन, मंग जोरानं काऊन नाही काढत?" मी तो प्रश्न भावासाठी जपून ठेवला, आणि कालवा पार झाल्यावर त्याचा फोन आला तेव्हा तो तासभर यावरच बोलला. एरवी आमचं फोनवरचं बोलणं जेवलास का, झोपतोस का, एवढ्यावर संपायचं.

तो सांगत होता, उथळ आणि अरुंद पाण्यात जहाज वेगळंच वागतं. जहाजाच्या तळाखालून पाण्याला निघायला जागा कमी, म्हणून ते जोरात वाहतं, दाब कमी होतो आणि अख्खं जहाज खाली बसतं. वेग दुप्पट केला तर हे बसणं जवळपास चौपट होतं. कालवा 24 मीटर खोल आहे आणि त्याचं भरलेलं जहाज 14 मीटर पाण्यात बसतं. तरीही ते कसं चालतं यात फरक जाणवतो. आणि काठाच्या फार जवळ गेलं की त्याहून वाईट. काठ आणि जहाज यांच्या मधलं पाणी चिंचोळं होतं, जहाजाची शेपटी काठाकडे ओढली जाते आणि नाक उलट बाजूला फेकलं जातं. बाबांनी हे ऐकून लगेच म्हटलं, "पांदणीत गाडीचं मागचं चाक चाकोरीत ओढल्या जाते तसं." भाऊ म्हणाला, "अगदी तसंच, बाबा. पण तिथं बैल थांबवता येतात. इथं थांबायलाच लय अंतर लागते, आणि वेग कमी केला की सुकाणूचा जोरही जातो."

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. सुकाणूच्या पात्यावरून पाणी वाहत असतं तोवरच ते जहाज वळवतं. म्हणून कालव्यात फार जोरात नाही आणि फार हळूही नाही, असा एक नेमका वेग धरून चालावं लागतं, मागच्या-पुढच्या जहाजांपासून ठरलेलं अंतर ठेवून. ॲपवरचा तो कंटाळवाणा, न बदलणारा आकडा म्हणजे ब्रिजवरच्या, जहाज जिथून चालवतात त्या खोलीतल्या, सगळ्यांनी तासन्‌तास केलेलं काम आहे.

ब्रिजवर कोण काय करतं तेही त्या दिवशी कळलं. पायलट तोंडी हुकूम देतो. चाकावरचा माणूस तो हुकूम मोठ्याने परत म्हणतो, चाक फिरवतो, आणि सुकाणू त्या अंशावर आलं की पुन्हा सांगतो. आमचा थर्ड ऑफिसर इंजिनाचा टेलिग्राफ, म्हणजे इंजिनाला वेगाचा हुकूम देणारा दांडा, सांभाळतो, प्रत्येक हुकूम वेळेसह वहीत टिपतो, आणि सुकाणू सांगितलं त्याच बाजूला फिरलं का ते काट्यावर डोळ्यांनी पाहून घेतो. चाक उजवीकडे फिरवायचं आणि चुकून डावीकडे गेलं, तर ते पकडायला त्याच्याकडे काही सेकंदच असतात. पायलट चढला तरी जहाजाची जबाबदारी कॅप्टनचीच राहते. कालव्याच्या मध्यावर इस्माइलियाजवळ पायलट बदलतात. ॲपवर कधीकधी एखादी छोटी नाव जहाजाला चिकटून परत फिरताना दिसते, ती पायलटला आणणारी-नेणारी.

'एव्हर गिव्हन' हे कंटेनर जहाज सुएझमध्ये अडकलं तेव्हा, 23 मार्च 2021 ला, भाऊ प्रशिक्षण घेत होता. 400 मीटर लांब जहाज, कालवा त्या जागी त्याहून अरुंद. जोराचा वारा, धुळीचं वादळ, आणि उंच रचलेल्या कंटेनरांना तो वारा बाजूने लागत होता. नाक एका काठात रुतलं, शेपटी दुसऱ्या. 29 मार्चला ते सुटलं, तोवर दोन्ही तोंडांशी चारशेहून जास्त जहाजं खोळंबली होती. जहाजावरचे 25 खलाशी सगळे भारतीय होते. जहाज सुटलं तरी नुकसानभरपाईच्या वादात ते कालव्याच्या वाटेतल्याच ग्रेट बिटर सरोवरात अडवून ठेवलं, ते 7 जुलैला निघालं. त्या 25 घरांमध्ये त्या दिवसांत काय चाललं असेल, हे मला आता कळतं. नकाशावर ठिपका दिसत असणार, रोज त्याच जागी. आणि ठिपका माणसाबद्दल काहीच सांगत नाही. हे या ॲपचं मोठं उणं आहे आणि ते कधी भरून निघणारं नाही. जहाज सुखरूप आहे एवढं ते सांगेल. पोरगा सुखरूप आहे का, त्याला झोप मिळाली का, हे त्याच्या तोंडूनच ऐकावं लागतं.

सिंगापूरची सामुद्रधुनी मात्र ॲपवर पाहिल्याशिवाय गर्दी म्हणजे काय ते कळत नाही. तेव्हा भावाच्या जहाजात ब्राझीलच्या सांतोस बंदरातलं सोयाबीन होतं, चीनला निघालेलं. बाबा ते ऐकून बराच वेळ गप्प बसले. आमचं सोयाबीन बाजार समितीत हमीभावाच्या खाली मागत होते, आणि हे अर्ध्या जगाला वळसा घालून चाललं होतं. पण त्यांनीच ॲपवरचा एक आकडा मला दाखवला जो मी कधी नीट पाहिला नव्हता: जहाज पाण्यात किती खोल बसलं आहे. रिकामं असताना तो आकडा निम्म्याच्या आसपास असतो, भरलं की चौदाच्या वर. बाबा आता तेवढ्यावरून माल आहे की नाही ते ओळखतात.

तर सिंगापूर. फिलिप चॅनेलपाशी ती वाट 3 किलोमीटरहूनही अरुंद होते. नकाशा मोठा केला नाही तर नुसता हिरवा-लाल चिखल दिसतो. मोठा केला की दोन धारा वेगळ्या होतात, एक पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे, कारण तिथे समुद्रातच येण्या-जाण्याच्या वेगळ्या वाटा आखलेल्या आहेत. अरुंद वाटेत प्रत्येकाने आपल्या उजव्या काठाला धरून चालायचं आणि आखलेली वाट ओलांडायची तर शक्य तितकी काटकोनात ओलांडायची, असा जगभरच्या जहाजांचा 1972 चा नियम आहे. इंडोनेशियाच्या बाताम बेटाकडून सिंगापूरकडे जाणाऱ्या प्रवासी बोटी त्या धारांना छेद देत झपाझप निघतात. ॲपवर त्या आडव्या रेघा दिसतात आणि प्रत्येक वेळी वाटतं, आता लागलं. लागत नाही. नकाशावरचा बाण खऱ्या जहाजापेक्षा मोठा काढलेला असतो. बाण एकमेकांवर चढले तरी पाण्यात मधे भरपूर अंतर असतं. आईला समजवायला मी नकाशा पूर्ण मोठा करून दाखवते, मग ते दोन बाण सुटे होतात.

इथे एक खास गोष्ट पाहायला मिळते, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जहाजाच्या माहितीत दोन दिशा असतात. एक जहाजाचं नाक कुठे आहे त्याची, दुसरी जहाज प्रत्यक्षात कुठे सरकतं आहे त्याची. भर समुद्रात दोन्ही बहुधा सारख्या. सामुद्रधुनीत प्रवाह बाजूने लागला की त्यांच्यात काही अंशांचा फरक पडतो. म्हणजे जहाज तिरकं धरून सरळ नेलं जात आहे. तो फरक दिसला की मला कळतं, ब्रिजवर आत्ता कुणी निवांत नाही. अशा वेळी मी त्याला मेसेज पाठवत नाही. घरच्यांनाही सांगून ठेवलं आहे, सिंगापूर आणि कालवा पार होईपर्यंत "पोचला का" म्हणून विचारायचं नाही.

पनामाचं तर आमच्या गावात अजूनही बोलणं निघतं. अमेरिकेच्या मिसिसिपी नदीवर मका भरून जहाज जपानला निघालं होतं. पनामा कालवा सुएझसारखा सपाट नाही. सुमारे 80 किलोमीटरच्या वाटेत जहाज आधी पाण्याच्या हौदांतून पायरीपायरीने 26 मीटर वर चढवतात, गातून नावाच्या गोड्या पाण्याच्या तलावातून नेतात, आणि पलीकडे पुन्हा पायरीपायरीने उतरवतात. 1914 चे जुने हौद साडेतेहतीस मीटर रुंद आहेत. भावाचं जहाज सव्वाबत्तीस. दोन्ही बाजूंना मिळून सव्वा मीटर, म्हणजे एका बाजूला दोन फूट फट. भिंतीवरच्या रुळांवर विजेची इंजिनं चालतात, त्यांना म्यूल म्हणतात. ती दोन्ही बाजूंनी तारांनी जहाज मधोमध धरून ठेवतात. आणखी एक, पनामात पायलट नुसता सल्ला देत नाही, जहाज चालवण्याचा ताबाच घेतो. जगात इतरत्र सहसा असं होत नाही. 2016 ला मोठे हौद झाले, तिथे म्यूल नाहीत, जहाज ओढणाऱ्या टगबोटी पुढे-मागे लागतात. पण त्याचं जहाज जुन्यातूनच गेलं. जुन्यातून जायचं तर 12.04 मीटरपेक्षा जास्त खोल बसता येत नाही, म्हणून माल आधीच कमी भरलेला. बाबांना तो आकडा लगेच दिसला होता, "यावेळी पूर्ण नाही भरलं."

ॲप एकटं इथे कमी पडतं. हौदात वेग कधी एक नॉट, कधी शून्य, बाण थरथरतो, कधी भिंतीवरच चढलेला दिसतो. पाहणाऱ्याला काहीच उलगडत नाही. पण कालवा चालवणाऱ्यांनी हौदांवर कॅमेरे लावलेले आहेत आणि त्यांचं चित्र कुणालाही इंटरनेटवर पाहता येतं. मी केंद्रातल्या एका कॉम्प्युटरवर ॲप लावलं, दुसऱ्यावर पॅसिफिककडच्या मिराफ्लोरेस हौदांचा कॅमेरा. ॲपवर बाण हौदाशी आला तसं कॅमेऱ्यात एक गंजलेल्या लाल रंगाचं लांबलचक नाक शिरलं. चित्र फार स्पष्ट नव्हतं. तरी क्रेनचे खांब मोजता आले, पुढे दोन नारिंगी ठिपके हलताना दिसले, ती माणसं. दरवाजे लागले. मग जहाज, सगळंच्या सगळं, भिंतीच्या कडेने खाली जायला लागलं. काही हलत नव्हतं, फक्त भिंत वर येत होती. केंद्रात उभे असलेले सगळे लोक, दाखल्यासाठी आलेले, खताच्या अनुदानाचं विचारायला आलेले, कुणी हललं नाही. आई म्हणाली, "अवं माय, एवढं मोठं." तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की तिचा मुलगा किती मोठी वस्तू हाकतो.

त्या कालव्याचं पाण्याचं गणितही आमच्या लोकांना पटकन समजलं. एक जहाज पार करायला सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात सोडावं लागतं, आणि ते पाणी पावसाचं. 2023 ला तिथे पाऊस कमी झाला, गातून तलाव खाली गेला, आणि एरवी रोज 36 च्या आसपास जाणारी जहाजं नंतर 24 च्या घरात आणावी लागली. त्या काळात ॲपवर कालव्याच्या अटलांटिककडच्या तोंडाशी, कोलोनच्या बाहेर ठिपक्यांची मोठी दाटी दिसायची. पाणी नाही म्हणून पाळी नाही, हे समजावून सांगायची गरज आमच्या गावात कुणाला पडली नाही.

आता जे खटकतं ते.

वेळ. माझ्या ॲपमध्ये कित्येक ठिकाणी वेळ जागतिक घड्याळाची येते, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. "शेवटचा संदेश 02:10" वाचून घरचे समजतात रात्री दोनला बंद पडलं. साडेपाच मिळवायचे, सकाळचे सात-चाळीस होतात. सेटिंगमध्ये बदल आहे, पण तो शोधायला माझ्यासारखीलाही वेळ लागला. ज्याचा दिवसभर कॉम्प्युटरशी संबंध नाही त्याने काय करायचं? मराठी तर नाहीच. हिंदी असतं तरी अर्ध्या गावाला वापरता आलं असतं.

पुढचं बंदर आणि तिथे पोचायची वेळ हे यंत्र स्वतः शोधत नाही. जहाजावरचा अधिकारी ते हाताने टाकतो. कधी जुनंच राहतं, कधी संक्षेपात लिहिलेलं असतं, कधी मालकाचा हुकूम बदलतो आणि जहाज भलतीकडेच वळतं. त्यावर विसंबून विमानाची तिकिटं काढू नका. जागा, वेग आणि दिशा यांवर मात्र भरवसा ठेवा, कारण ते यंत्र स्वतः देतं.

हेही नेहमी खरं असेलच असं नाही. काही प्रदेशांत मुद्दाम जीपीएस बिघडवलं जातं, मग जहाज जमिनीवर उभं दिसतं. आणि नोव्हेंबर 2023 पासून लाल समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर काही जहाजं तिथून जाताना यंत्रच बंद ठेवू लागली. जीवाला धोका असेल तर कॅप्टनला तसं करायची मुभा आहे. बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला, प्रवास दहा-चौदा दिवसांनी वाढला. आम्हीही ते दिवस काढले. नकाशावर काही नाही, फोन नाही. तेव्हा हे ॲप आम्हाला काहीच उपयोगाचं नव्हतं. उलट मी ते फोनमधून काढून टाकलं होतं, कारण आई रात्री उठून रिकामा समुद्र पाहत बसायची. भावाने केप ऑफ गुड होपपाशी मेसेज पाठवला तेव्हा परत घेतलं.

जाहिराती फार. नकाशावर बोट ठेवायला जावं तर खेळाची जाहिरात उघडते. आमच्याकडे दुपारी लाइट गेली की टॉवरही मरतो, आणि हे ॲप मागचं चित्र साठवून ठेवत नाही. नेटवर्क नसेल तर पांढरा पडदा. दोष टॉवरचा आहे, पण शेवटची माहीत असलेली जागा तरी फोनमध्ये ठेवायला काय हरकत होती?

पैसे भरून उपग्रहाची सोय घ्यावी का, असं दिग्रसच्या एका ताईंनी विचारलं. त्यांचा मुलगा नुकताच कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून चढला आहे. माझं मत, वर्षभराचं घेऊ नका. कालवे, सामुद्रधुन्या, बंदरं, सगळं किनाऱ्याजवळ आहे आणि ते फुकटात दिसतं. पॅसिफिक ओलांडताना पाहण्यासारखं काही नसतं, निळ्यावर एक बाण. मन अगदीच लागत नसेल तर पहिल्या फेरीपुरतं एखाद्या महिन्याचं घ्या.

केंद्रात मुलांना जहाजावर पाठवायचं म्हणून चौकशी करणारे पालकही येतात, म्हणून एवढं सांगते. एजंट नोकरी लावून देतो म्हणाला तर आधी त्याच्याकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे जहाजांच्या सरकारी खात्याचा, आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना आहे का ते डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर पाहा. आणि तो ज्या जहाजावर पाठवतो म्हणतो त्याचं नाव या ॲपमध्ये टाका. जहाज खरं आहे का, कुठल्या प्रकारचं आहे, आत्ता कुठे आहे, निदान एवढं कळतं. माझ्या डोळ्यांदेखत एका बापाने असं तपासून पैसे खिशात परत ठेवले आहेत.

पाचपैकी चार तारे देते. एक कापला तो वेळेच्या घोळासाठी आणि जाहिरातींसाठी.

वापरायला घेणाऱ्यांसाठी एकच सांगणं: जहाज नावाने शोधू नका. एकाच नावाची अनेक जहाजं असतात, आणि जहाज विकलं गेलं की नावही बदलतं. प्रत्येक मोठ्या जहाजाला आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, सात आकडी क्रमांक असतो, तो ते भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. मुलगा चढायच्या आधी त्याच्याकडून तो क्रमांक मागून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मोबाइलमध्ये नव्हे, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. कॉन्ट्रॅक्ट संपून तो दुसऱ्या जहाजावर गेला की खोडून नवा लिहा.